माई गेली, आता वर्षश्राद्ध आलंय. तिच्या आठवणीत फुगड्या खेळायच्या की नाही?

मुक्ता_सा
माझी आजी, आम्ही सगळे तिला माई म्हणायचो, गेल्या श्रावणात गेली. अठ्ठ्याऐंशीची होती. माहेर वाईजवळच्या खेड्यातलं, सासर सांगलीचं. आमच्या घराचा सगळा डोलारा तिच्यावर होता. आजोबा लवकर गेल्यावर तीन मुलं आणि दोन नणंदांची लग्नं तिनं एकटीनं पार पाडली. पण माई म्हटलं की मला हे सगळं नंतर आठवतं. आधी आठवते ती ओचा खोचून माजघरात उभी राहिलेली.

मंगळागौर कुणाचीही असो, गल्लीतल्या बायका रात्री नऊच्या सुमाराला माईला न्यायला यायच्या. झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप नाचवणं, किकीचं पान, सासू-सुनेचं भांडण, सगळ्याची गाणी तिला पाठ. फुगडी तिनं मला आठ वर्षांची असताना शिकवली. पायाचे अंगठे जुळवायचे, हातांची फुली घट्ट धरायची, मागं रेलायचं, आणि नजर समोरचीच्या कुंकवावर ठेवायची. "इकडंतिकडं बघितलंस की घेरी आलीच म्हणून समज," म्हणायची. थांबल्यावर लगेच हात सोडू द्यायची नाही, दोन उलटे फेरे घ्यायला लावायची.

नाटकातली पदं तिनं लहानपणी ऐकून ऐकून उचललेली. साठी उलटल्यावर पेटी शिकायला लागली, संगीताच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेला शाळकरी पोरींच्या रांगेत बसली आणि पास झाली. तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या तिनं एका वहीत उतरवल्यात, मधेमधे स्वतःच्याही घातल्यात.

आता मुद्दा. आत्या आणि आम्ही नातींनी ठरवलं की वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी माईची गाणी म्हणायची आणि खेळ खेळायचे. थोरल्या काकांनी साफ नाही म्हटलं. "आईचं श्राद्ध आहे, डोहाळजेवण नव्हे." घरात दोन तट पडलेत. तुमच्याकडे अशा माणसाची आठवण कशी ठेवली? आणि काकांचं म्हणणं तुम्हाला पटतं का?

गोदाकाठची_रमा
वाचतानाच डोळ्यात पाणी आलं. कुंकवावर नजर ठेवायची युक्ती माझ्या मावशीचीही होती. नक्की करा कार्यक्रम. काकांना हळूहळू पटेल.

पळीपंचपात्र
मी काकांच्या बाजूनं लिहितोय, रागावू नका. श्राद्ध हा विधी आहे. त्या दिवशी घरात पिंडदान होतं, ब्राह्मण जेवतात, कावळ्याची वाट बघतात. त्याच संध्याकाळी पिंगा घालायचा, हे ज्यानं सकाळी पिंड ठेवले त्याला कसं झेपेल? तुम्ही नाती आहात, ते मुलगा आहेत. वर्षभर त्यांनी सण केले नसतील, गोडधोड टाळलं असेल. विधी एका दिवशी आणि गाणी दुसऱ्या दिवशी, एवढं सोपं उत्तर आहे. वर्ष पुरं झाल्यावर मंगलकार्याला कुणाचीच हरकत नसते.

बुक्का
@पळीपंचपात्र, तुमचं म्हणणं एका घरापुरतं बरोबर आहे, सगळ्या महाराष्ट्राचं नाही. आमच्या वारकरी घरात माणूस गेला की टाळ-मृदंगाच्या गजरातच नेतात. वर्षश्राद्धाला कीर्तन असतंच, पंक्तीआधी तास-दीड तास. गाण्याशिवाय पुण्यतिथी आमच्याकडे कुणाला ठाऊकच नाही.

आणि नाचाचं म्हणाल तर माऊलींच्या पालखीत वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडा धावायचा सोहळा, झालं की काय होतं ते एकदा जाऊन बघा. घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, आणि मग तुळशी घेतलेल्या म्हाताऱ्या बाया ती वृंदावनं खाली ठेवून फुगडी धरतात. सत्तरीच्या बाया. अनोळखी बाप्याबरोबरसुद्धा धरतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. माझी आजी दर साल जायची. गेली त्या वर्षी वारीत आमच्या दिंडीतल्या बायांनी तिच्या नावानं फुगडी घातली. त्यात तिचा अपमान झाला असं आमच्या डोक्यातही आलं नाही.

नाठाळ_नातू
माझ्या आजीला डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले. आजीचा एकच प्रश्न, "बसफुगडी जमंल का नंतर?" डॉक्टर तमिळ होते. मला ती तिथंच खुर्चीतून उठून दाखवावी लागली. अख्खा दवाखाना बघत होता.

मुक्ता_सा
@नाठाळ_नातू, 😂 माईनं हेच विचारलं असतं.
@पळीपंचपात्र, रागावले नाही. काका वर्षभर तिच्या खोलीत गेलेले नाहीत, हे आम्ही विसरलोच होतो.

कळशी
गोव्यातून. माझ्या आजीचं माहेर सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली धरण झालं आणि १९८० च्या दशकात सगळा गाव पाण्याखाली गेला. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचा गाव तो. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतो. चौथरे, विहिरी, वाळलेले बुंधे, आणि भेगाळलेली माती. उठून गेलेले गावकरी त्या दिवसांत सोमेश्वराच्या देवळाशी जमतात.

आजीला आम्ही दर मे महिन्यात न्यायचो. तिला तिच्या घराचा चौथरा अचूक सापडायचा. तिथं उभी राहून ती हात धरायला लावायची, आई, मावशी आणि मी. चवथीची फुगडी. गोव्यातली फुगडी तुमच्या घाटावरच्यासारखी नुसती गिरकीची नसते, ओळीत आणि वर्तुळातही चालते, गाणं संपेपर्यंत पाय थांबत नाहीत. घर नाही, भिंत नाही, छप्पर नाही, पण ती म्हणायची, "हांगा चुलीकडें वच नाका," आणि आम्ही चूल जिथं होती ती जागा सोडून नाचायचो.

ती गेल्यावरच्या मेमध्ये आम्ही परत गेलो. कुणी ठरवलं नव्हतं. मावशीनं हात पुढं केला आणि झालं. वर्षही पुरं झालं नव्हतं. भटजींना कुणी विचारलं नाही.

रावी_७
@कळशी, मोगूबाईंची लेक म्हणजे गायिका किशोरीताई आमोणकर. त्या गावाची माती पाण्याखाली आहे, हे आत्ताच कळलं. मे महिन्यात जाऊन यायला हवं.

उंबरठा
हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको, असं चाललं होतं.

माझी पणजी फडात होती. तमाशाच्या. दसऱ्याला फड बाहेर पडायचा तो बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव. तिनं सांगितलेलं आजीनं मला सांगितलं की पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागायच्या, यात्रेची पंच मंडळी सुपाऱ्या द्यायला यायची, आणि कुठल्या फडाची बाई कशी गाते यावर भाव ठरायचा. पणजी बैठकीच्या लावणीत तरबेज होती. बसल्या जागी, नुसत्या मनगटानं आणि भिवईनं एका ओळीचे दहा अर्थ दाखवायची म्हणे.

पुढं आजीचं लग्न झालं, आजोबा सरकारी नोकरीत लागले, आणि पणजी घरातून पुसली गेली. तिचा एकही फोटो नाही. आईला लग्नानंतर कळलं. आमच्याकडे "घरात कुणी गायचं का?" असं पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर "नाही" असायचं. आजी रात्री भांडी घासताना गुणगुणायची, आणि कुणी आलं की थांबायची.

वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आजीनं वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून देवघराच्या फडताळात ठेवला. काही बोलली नाही. त्या रात्री तिनं पहिल्यांदा मला आख्खी लावणी म्हणून दाखवली, हाताच्या अदेसकट. ऐंशीच्या पुढची बाई. माझ्या आईनं दार लावून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून नाही, आजीला लाज वाटू नये म्हणून.

मुक्ता, तुमच्या काकांचा राग मला समजतो, पण माझं मत स्पष्ट आहे. बाईनं जन्मभर ज्यावर जीव टाकला ते तिच्या पश्चात घराबाहेर ठेवलं, की ते कायमचं जातं. आमच्याकडे गेलंय. पणजीचं एकही गाणं पूर्ण उरलं नाही.

बुक्का
@उंबरठा, ताई, हे लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. आजीनं म्हटलेली ती लावणी तुम्हाला येते का?

उंबरठा
मुखडा आणि दोन कडवी. आता कागदावर उतरवून ठेवतेय.

चौकट_राणी
कार्यक्रम करा, पण एक सांगते. आमच्या आजेसासूबाईंच्या आठवणीत घरच्यांनी मंगळागौरीचा ग्रुप बोलावला. एकसारख्या साड्या, नथी, कॉर्डलेस माइक, ट्रॅकवर वाजणारी गाणी. बायका उत्तम नाचल्या, त्यांचं कसब मोठंच होतं. पण आजेसासूबाई जे गाणं म्हणायच्या त्यातलं एकही नव्हतं, आणि घरातल्या बायका खुर्च्यांवर बसून व्हिडिओ काढत होत्या. ज्या घरात चाळीस वर्षं खेळ रंगले त्या घरात त्या दिवशी आम्ही प्रेक्षक झालो. मला अजून ते सलतं. तुम्ही स्वतः खेळा. सूर चुकले तरी चालतील. कुणाचं गुडघ्याचं दुखणं असेल तर तिनं बसून टाळ्या द्याव्यात.

पळीपंचपात्र
@चौकट_राणी, याच्याशी शंभर टक्के सहमत.
@उंबरठा, तुमची पोस्ट तीनदा वाचली.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरकडे आमची भुलाबाई असते, पोरींचा गाण्यांचा सण, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. आजी टिपऱ्या घेऊन बसायची. खाऊ ओळखायच्या वेळी डबा हलवून आवाजावरून सांगायची काय हाय ते! तिच्यापुढं कुनाचा डबा टिकला नाही. मंग आम्ही डब्यात शिरा भरून नेला. हलवला तरी आवाज कुठून येणार? तर तिनं डब्याला हात लावला, "गरम हाय, शिराच हाय." संपलं.

जर्सीकर_मंदा
आमच्या न्यू जर्सीच्या घरी आजी सहा महिने राहून गेली, तेव्हा तळघरात नातींना फुगडी शिकवली. गालिच्यावर पाय फिरत नाही, अंगठा अडकतो, आणि मोजे घातले तर घसरतो. शेवटी गॅरेजमध्ये, थंडीत, स्वेटर घालून. शेजारच्या गोऱ्या काकू बघायला आल्या आणि पाच मिनिटांत त्यांचेही हात धरले आजीनं. एक शब्द कुणाला कुणाचा कळत नव्हता.

तबकडी
मुक्ता, माईंच्या आवाजाचं काही ध्वनिमुद्रण आहे का?

मुक्ता_सा
आहेत की! आत्यानं १९८० च्या सुमारास टेपरेकॉर्डरवर भरलेल्या पाच-सहा कॅसेट. एकीवर माई ओव्या म्हणतेय असं वर लिहिलंय. लावायला भीती वाटते, टेप तुटेल म्हणून.

तबकडी
घाई करू नका. मी हे काम हौसेनं बऱ्याच वर्षांपासून करतोय.
आधी कॅसेट उजेडात धरून बघा. टेपच्या कडेवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी आहे, ती मशीनमध्ये घालू नका, इतर कॅसेटनाही लागते. भुरी नसेल तर मधल्या खिडकीतून टेपमागचा छोटा स्पंज तपासा, बऱ्याचदा तो गळून पडलेला असतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून दोन्ही रिळं चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवता येतात. चिकटवलेलं असेल तर ते काम जाणत्याकडे द्या.
मशीनचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीला लावून पुसा, सुकू द्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा. मग लाइन-आउटमधून संगणकात घ्या. पहिली प्रत वेव्ह फाइलच ठेवा, खरखर असली तरी. ती खरखर काढायच्या नादात म्हाताऱ्या आवाजातला श्वासही निघून जातो. साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि कॅसेट टाकून देऊ नका.

रावी_७
@तबकडी, हे वेगळा धागा काढून लिहा ना. माझ्याकडे आजोबांची भजनं आहेत.

मिरजेचा_तंबोरा
सांगलीची माई म्हटल्यावर राहवलं नाही, आम्ही सात मैलांवरचे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या तंबोरे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आमच्या गल्लीत दिवाळीसारखा झाला.

कॅसेट ऐकलीत की एक गोष्ट करा. पेटीवर माईंचा षड्ज, म्हणजे त्यांचा सा, शोधा आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. म्हाताऱ्या बायकांची पट्टी वयाबरोबर उतरते. तुम्ही आज गाताना आपसूक वरच्या पट्टीत जाल आणि ते तिचं गाणं वाटणार नाही. आमच्या वडिलांनी गिऱ्हाइकाच्या पट्ट्या लिहून ठेवलेली वही आहे. त्यातली बरीच माणसं आज नाहीत, पण त्यांचा सा आम्हाला ठाऊक आहे.

शेवटचं. वहीतल्या ओव्या ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं ठेवा. गी पोइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा ओवी कुणाची, गाव कुठलं, हेही नोंदवलं. तुम्हीही लिहा. आईची कुठली, माईंची स्वतःची कुठली, हे सांगणारं घरात आज कुणीतरी आहे. पुढं नसेल.

मुक्ता_सा
तिच्या स्वतःच्या ओव्यांपुढं तिनं छोटी फुली केलीय, ते आत्ता वही काढून बघितल्यावर लक्षात आलं! एक इथं देते:

सरलं दळण बाई, पीठ भरिते सुपात
नात नाचते अंगणी, ऊन थांबलं दारात

गोदाकाठची_रमा
ऊन थांबलं दारात. अगं काय बाई होती ही.

कळशी
ती नात तूच का?

मुक्ता_सा
माहीत नाही. आम्ही पाच नाती आहोत. प्रत्येकीला वाटतंय ती आपणच.

उंबरठा
मूळ प्रश्नाकडे येते. काकांना शास्त्र विचारू नका, त्यांना विचारा की आईचं कुठलं गाणं त्यांना आवडायचं. मुलग्यांना मंगळागौरीच्या रात्री बाहेर ओसरीवर झोपवायचे. त्यांनी ती गाणी भिंतीपलीकडून ऐकलेली असतात, खेळ बघितलेले नसतात. आम्ही त्यांच्याकडे त्या नात्यानं कधी बघत नाही.

पळीपंचपात्र
हे खरं आहे. मी ओसरीवर झोपलेला मुलगा आहे.

मुक्ता_सा
काल काकांशी बोलले. @उंबरठा, तुमचाच प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आई पहाटे परसात तुळशीला पाणी घालताना एक पद म्हणायची, ते मला झोपेत ऐकू यायचं, शाळा सुटल्यापासून ते कधी पूर्ण ऐकलं नाही. आत्याला ते येतं. तिनं तिथंच म्हटलं. काका उठून आत गेले आणि थोड्या वेळानं चहा घेऊन बाहेर आले, सगळ्यांना.

ठरलं ते असं. श्राद्ध पूर्ण शास्त्राप्रमाणे, त्या दिवशी काही नाही. पुढच्या मंगळवारी रात्री आमच्याच माजघरात. स्पीकर नाही, व्हिडिओ नाही, ग्रुप नाही. गल्लीतल्या ज्या बायका माईला न्यायला यायच्या त्यांतल्या चौघी आहेत अजून, त्यांना काका स्वतः आमंत्रण द्यायला जाणार आहेत. @पळीपंचपात्र, दोन दिवस वेगळे ठेवायचं तुमचं म्हणणं मान्य. @बुक्का, तुमचा रिंगणाचा किस्सा काकांना वाचून दाखवला, त्यांना फार आवडला. फुगडीला ते स्वतः येणार नाहीत म्हणाले. बघू.

बुक्का
सत्तरीच्या बाया हात धरतील तेव्हा कळेल.

तबकडी
मंगळवारच्या आत निदान ओव्यांची कॅसेट उतरवून घ्या. मी पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला येतोय, सांगली वाटेतच आहे. डेक आणि वायर घेऊन येऊ शकतो. संदेश पाठवा.

मुक्ता_सा
पाठवते. आत्या म्हणतेय, जेवूनच जायचं.

जर्सीकर_मंदा
आणि फरशी आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. सतरंजी अजिबात नको. चौघी थोरल्या बायकांसाठी भिंतीशी पाट ठेवा, म्हणजे टेकून बसता येईल.